खेळ शिकवावा की खेळू द्यावे?

वार्षिक परीक्षा आटोपून शाळांना कुलुपे लागली, की वैशाखातल्या पहाटे आपल्या शहरांतील मैदानांवर एक दृश्य दिसू लागते. ऊन तापण्यापूर्वीच आठ-दहा वर्षांची मुले एकाच रंगाचे सदरे घालून रांगेने उभी असतात. समोर जमिनीवर प्लास्टिकचे लहान शंकू ओळीने मांडलेले असतात. शिटी वाजली, की एकेक मूल त्या शंकूंमधून पायाने चेंडू वळवीत नेते, परत आणते, आणि पुन्हा रांगेच्या शेपटास जाऊन उभे राहते. मैदानाच्या कडेला आईबाप पाण्याची बाटली हातात धरून आपल्या मुलाची पाळी येण्याची वाट पाहतात. हे फुटबॉलचे उन्हाळी शिबिर होय. कोल्हापुरासारख्या गावी, जेथे कुस्तीच्या तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ चालतात आणि पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचा सामना शाहू स्टेडियमवर लागला म्हणजे पेठाच्या पेठा तिकडे लोटतात, तेथे अशा शिबिरांचे नवल वाटण्याचे कारण नाही. परंतु जेथे फुटबॉलची परंपरा अगदी बेताची, अशा गावांतही ती आता भरू लागली आहेत.

अशा शिबिरात ज्याने एखादी सकाळ घालविली असेल, त्याच्या कानांवर एक प्रश्न हटकून आला असेल. अर्धापाऊण तास सराव झाला, की रांगेतले कोणीतरी मूल धीर करून विचारते, ‘सर, मॅच कधी?’ प्रशिक्षक बहुधा हसून उत्तर देतात, ‘आधी हे नीट कर, मग मॅच.’ मूल गप्प बसते. त्याचे समाधान झालेले असते असे मात्र नाही. ते खेळावयास आले आहे, आणि आपण त्यास खेळण्याची तयारी करावयास लावीत आहो. या दोन गोष्टींत जे अंतर आहे, ते कोणत्या अधिकाराने आपण मुलाच्या माथी मारतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

वरवर पाहता हा प्रश्न क्रीडाशिक्षणाच्या पद्धतीचा, म्हणजे तज्ज्ञांनी तज्ज्ञांशी वाद घालण्याचा वाटेल. परंतु त्याच्या तळाशी नीतीचा प्रश्न आहे. सुटीचे दिवस ही मुलाची मालमत्ता होय. वर्षभर शाळेने त्याचा वेळ घेतल्यावर जे उरते, ते त्याचे. ती मालमत्ता आपण वडीलधारी माणसे त्याच्या वतीने, त्याच्याच हितासाठी म्हणून खर्च करतो. दुसऱ्याचे धन त्याच्या हितासाठी सांभाळणाऱ्यास विश्वस्त म्हणतात, आणि विश्वस्ताने हिशेब द्यावा लागतो. शिबिराचे शुल्क आपण भरले, म्हणून त्या सकाळी आपल्या झाल्या, असे होत नाही.

या बाबतीत एक पक्ष असा आहे, की खेळ शिकविण्याची गोष्टच मुळात विपरीत. योहान हायझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळाची जी लक्षणे सांगितली, त्यांत स्वेच्छा हे पहिले लक्षण आहे. हुकमावरून केलेला खेळ हा खेळ राहत नाही, फार तर खेळाची नक्कल होते, असा त्याचा आशय. पुढे १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार केला व १९९२ साली भारताने तो मान्य केला. त्याच्या एकतिसाव्या कलमात विश्रांती, फावला वेळ आणि खेळ हे मुलाचे हक्क म्हणून नोंदले आहेत. शिक्षणाचा हक्क त्याच करारात निराळ्या कलमाने दिलेला आहे. खेळ हा शिक्षणाचा पोटविभाग असता, तर त्यास स्वतंत्र कलमाची गरज काय होती? तेव्हा शिटी, शंकू आणि रांग यांनी मुलाचा हक्क हिरावून घेतला जातो, असे या पक्षाचे म्हणणे. आणि ते सहजासहजी उडवून लावण्यासारखे नाही.

तथापि हा पक्ष मला पुरता पटत नाही, आणि त्याचे कारण खेळाच्या आतच सापडते. नवशिक्या मुलाकडे चेंडू वेगाने आला, तर तो त्याच्या पायावर आपटून चार हात दूर उडतो व प्रतिपक्षाच्या स्वाधीन होतो. चेंडू अडविण्याची हातोटी अशी आहे, की तो पायास लागण्याच्या क्षणीच पाय किंचित मागे घ्यावयाचा, म्हणजे त्याचा वेग पायातच जिरतो. ही गोष्ट सांगण्यास अर्धे मिनिट पुरते, पण अंगी मुरण्यास शेकडो वेळा करावी लागते. ती मुरेपर्यंत मुलाचे डोळे चेंडूस खिळलेले असतात. त्यास मैदान दिसतच नाही. ज्या दिवशी ती साधते, त्या दिवशी त्याची मान वर होते. आपला सोबती कोठे मोकळा आहे, गोलरक्षक कोणत्या बाजूस झुकला आहे, हे सारे त्यास प्रथमच दिसू लागते. म्हणजे सरावाने त्याचे स्वातंत्र्य कमी न होता वाढले. तंबोऱ्यापुढे बसून स्वर घोटणाऱ्या विद्यार्थ्याविषयी आपण हेच म्हणतो. जो काहीच करू शकत नाही, त्यास ‘तुला हवे ते कर’ असे सांगणे ही काही मोठी उदारता नव्हे.

शिवाय ‘पूर्वी मुले गल्लीत आपापली खेळत, तेच खरे’ असे म्हणताना आपली आठवण थोडी लबाडी करीत असते. ब्राझीलमध्ये बाउरू या गावी मोज्यात चिंध्या व कागद कोंबून केलेल्या चेंडूने खेळता खेळता पेले घडला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. १९११ साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हा अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते, हाही आपल्या अभिमानाचा विषय आहे. परंतु रस्त्यावर जे घडले त्यांचीच नावे इतिहासात राहतात. जी मुले तेथून हिरमुसली होऊन घरी परतली, त्यांची गणती कोणी ठेवली नाही. गल्लीचाही एक कायदा असे, आणि तो कठोर असे. चेंडू ज्याचा, त्याची मर्जी चाले. लहान पोराने गटारात गेलेला चेंडू काढून द्यावा, एवढाच त्याचा वाटा. आणि मुलींस तर कोणी बोलावीतच नसे. आज त्या गल्ल्या मोटारींनी भरून गेल्या आहेत. शिबिराने निदान एक मोकळी जागा दिली, चेंडू दिला, आणि जिला गल्लीत कधी पाय ठेवता आला नाही त्या मुलीस रांगेत का होईना, पण हक्काची जागा दिली. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

मग दोष आहे तो कोठे? माझ्या मते तो शिस्तीत नाही, सरावातही नाही. शिकविणे आणि निवडणे ही दोन निरनिराळी कामे आपण नकळत एक करून टाकली आहेत, तेथे तो आहे. शिकविणारा प्रत्येक मुलाकडे पाहून विचारतो, की याचे पाऊल कालच्यापुढे कसे पडेल? निवडणारा विचारतो, की या चाळीसांत पुढे कोण जाईल? पहिल्या दृष्टीत चाळीसही मुले साध्य असतात. दुसरीत दोन-तीन साध्य ठरतात व बाकीची त्यांना पारखण्याचे साधन होतात. मनुष्यास केवळ साधन म्हणून वापरू नये, हा कांटचा दंडक आपण मोठ्यांच्या व्यवहारात आदराने उच्चारतो. मुलांच्या मैदानावर मात्र त्याची आठवण कोणास होत नाही.

बरे, ही निवड निदान न्यायाची असते काय? येथे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वयोगट ठरविण्यासाठी बहुधा १ जानेवारी ही तारीख धरतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेले व त्याच सालच्या डिसेंबरात जन्मलेले मूल एकाच गटात येते. दहाव्या वर्षी अकरा-बारा महिन्यांचे अंतर म्हणजे मुलाच्या सगळ्या आयुष्याचा सुमारे दशांश झाला. त्या अंतराने उंची वाढते, पायात जोर येतो, आणि सांगितलेले ध्यानात ठेवण्याची शक्तीही वाढते. प्रशिक्षकास मात्र एक मूल ‘हुशार’ व दुसरे ‘बेताचे’ दिसते. रॉजर बार्न्सली व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली कॅनडातील आइस हॉकीच्या खेळाडूंविषयी हे दाखवून दिले. वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांत जन्मलेले खेळाडू तेथे प्रमाणाबाहेर अधिक होते. पुढे अनेक देशांतील कुमार फुटबॉल-संघांतही तोच प्रकार आढळून आला. याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. निवडलेल्यास चांगला प्रशिक्षक, अधिक सामने व अधिक शाबासकी मिळते. न निवडलेला बाकावर बसतो, आणि मग येईनासा होतो. पाच वर्षांनी पाहावे, तो दोघांतील अंतर खरोखरच मोठे झालेले असते, आणि निवडणारा म्हणतो, ‘पाहा, मी म्हटलेच होते!’ न्यायाधीशाने दिलेल्या निकालानेच अपराध घडावा, तसा हा प्रकार. यात कोणी दुष्ट नाही. प्रत्येकाने आपले काम सचोटीने केले, आणि तरीही डिसेंबरातल्या मुलावर अन्याय झाला. ज्या अन्यायाला करणारा सापडत नाही, तो चालू ठेवणे सर्वांत सोपे जाते.

मुलाच्या देहासंबंधीही हेच म्हणता येईल. वाढत्या वयात हाडांची टोके कोवळी असतात. तेच ते धावणे व तीच ती लाथ वर्षभर विसाव्याशिवाय चालली, तर टाच आणि गुडघा दुखू लागतो, हे वैद्यांस चांगले ठाऊक आहे. डोक्याने चेंडू मारण्याच्या बाबतीत अमेरिकेच्या फुटबॉल-संघटनेने २०१५ साली दहा वर्षे व त्याखालील मुलांस मनाई केली. इंग्लंड व स्कॉटलंड येथेही २०२० साली प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांस सरावात तसे करावयास लावू नये, असे ठरले. याचा अर्थ असा, की मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ खेळाडू नव्हे, हे शहाण्या देशांच्या पंचांस पटले आहे. पंधरा दिवसांत मूल ‘तयार’ करून देण्याची घाई जेथे असते, तेथे वैशाखाचे ऊन आणि कोवळे गुडघे यांचा विसर पडतो.

येथे मजवर एक आक्षेप येईल, व तो हलका नाही. कोणी म्हणेल, ‘महाराज, आपल्या घरी जेवणाची भ्रांत नाही, म्हणून आपण खेळाच्या निष्काम आनंदावर व्याख्यान देत आहा. ज्या पोराच्या बापाचे हातावर पोट आहे, त्यास निवड हीच शिडी. सरकारी नोकरीत आपल्या राज्याने खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखल्या आहेत. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत शिकून २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात भारताच्या संघात खेळला. त्यास कोणी निवडलेच नसते, तर?’ हा आक्षेप खरा आहे. निवड बंद करा, असे म्हणणे हा श्रीमंतांचा विचार होईल. कारण निवड बंद झाली, की ज्यांच्याजवळ पैसा आहे तेच तेवढे शिकत राहतील. गुणी मुलास दारिद्र्यातून वर काढणारी निवड ही नीतीचीच गोष्ट आहे.

परंतु या आक्षेपाने माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट बळकट होतो. विश्वचषकासाठी भारताच्या त्या संघात मुले होती एकवीस. सगळ्या देशातून एकवीस! तेव्हा शिबिराचे समर्थन त्या एकविसांच्या आधारे करावयाचे म्हटले, तर बाकीच्या लक्षावधी मुलांच्या सकाळी आपण कोणत्या खाती मांडणार? आणि जो बाप कर्ज काढून मुलास बूट घेऊन देतो, त्याची फसवणूक तर दुप्पट होते. त्यास कोणी खोटे सांगितलेले नसते. केवळ खरे काय ते सांगितलेले नसते. गरिबाच्या आशेचा मान राखावयाचा, तर तिला सत्याची जोड दिली पाहिजे. निवड असावी, पण ती उशिरा असावी, पुन्हा पुन्हा फेरतपासली जावी, आणि जो निवडला गेला नाही त्याच्या हाती काय उरले, याचा जाब निवडणाऱ्याने द्यावा.

ही केवळ कल्पनेतील गोष्ट नाही. नॉर्वेच्या क्रीडासंघटनेने १९८७ सालीच तेरा वर्षांखालील मुलांच्या खेळासाठी निराळे नियम केले. २००७ साली त्यांस मुलांच्या हक्कांची जोड दिली. त्या नियमांनुसार अकराव्या वर्षापूर्वी गुणतक्ते व क्रमवारी लावावयाची नाही, आणि तेरा वर्षांखालील मुलांसाठी राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धा भरवावयाच्या नाहीत. जर्मनीने २०२४-२५ च्या हंगामापासून लहान मुलांचे गुणतक्ते बंद करून लहान मैदानांवर थोड्या-थोड्या मुलांचे सामने सक्तीचे केले. हेतू असा, की प्रत्येक पायास चेंडू लागावा आणि कोणीही बाकावर बसून राहू नये. यामुळे जर्मनी पुढचा विश्वचषक जिंकेल की नाही, हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. तसेच, छोट्याशा नॉर्वेने २०१८ व २०२२ या दोन्ही हिवाळी ऑलिंपिकांत पदकांच्या यादीत पहिला क्रमांक पटकावला, म्हणून त्यांचे नियम योग्य ठरतात, असेही मी म्हणणार नाही. कारण तसे म्हटले, की पुन्हा मुलाचा आनंद हा पदकाचे साधन होऊन बसतो, आणि ज्या चुकीतून बाहेर पडावयाचे तिच्यातच आपण परत शिरतो. मुलास आज न्यायाने वागविणे हे उद्याच्या पदकासाठी नसते. उद्या पदक मिळाले नाही, म्हणून ते वायाही जात नाही.

तेव्हा शिबिर चांगले की वाईट, हे ठरविण्यास आपण पालकांनी कोणती कसोटी लावावी? सर्वांत चपळ मुलाकडे पाहून ते कळणार नाही. तो कोठेही चमकेल. रांगेत जे मूल सर्वांत मागे आहे, जे डिसेंबरात जन्मले आहे, ज्याचा चेंडू अजून चार हात उडतो, त्याच्याकडे पाहावे. एका सकाळी त्याच्या पायास चेंडू किती वेळा लागला? प्रशिक्षकास त्याचे नाव ठाऊक आहे काय? त्याच्या चुकीवर हशा पिकला, की कोणी जवळ जाऊन त्याचा पाय किंचित मागे घेऊन दाखविला? आणि शिबिर संपले, प्रमाणपत्रे वाटून झाली, छायाचित्रे निघाली, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूल कोणी न सांगता चेंडू घेऊन बाहेर पडते काय? बाहेर पडत असेल, तर शिबिराने त्यास काही दिले. बूट माळ्यावर गेले असतील, तर त्या पंधरा दिवसांत त्याच्याजवळ जे होते तेही काढून घेतले गेले, असे समजावे.

हीच कसोटी आपल्या घरासही लागू आहे. मूल घामाने निथळत घरी येते, आणि आपला पहिला प्रश्न असतो, ‘किती गोल केलेस?’ आपल्या मते तो कौतुकाचा प्रश्न. पण मूल त्यातून ओळखते, की घरी हिशेब कशाचा मांडला जातो. पुढे ते न विचारताच गोलांचा आकडा सांगू लागते. आणि आकडा शून्य असला, की ‘पोट दुखते’ म्हणून सकाळी अंथरुणातून उठत नाही. मैदानाच्या कडेला उभे राहून आपण ओरडतो, ‘मार! पास दे! झोपलास काय?’ त्या वेळी आपण मुलाच्या खेळात शिरून त्याची जागा बळकावलेली असते. खेळणारा तो असतो, पण खेळ आपला झालेला असतो. आपल्या तरुणपणी जे राहून गेले, ते मुलाच्या पायांनी पुरे करून घेण्याची ही हाव फार थोड्या आईबापांना चुकली आहे; मीही त्यांतून सुटलो आहे असे छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

आता पुन्हा त्या रांगेतल्या प्रश्नाकडे येऊ. ‘सर, मॅच कधी?’ असे जे मूल विचारते, त्यास आळशी समजू नये. सराव कशासाठी हे त्याने आपल्यापेक्षा अधिक स्वच्छ ओळखलेले असते. सामना ही त्याच्या दृष्टीने बक्षिसाची वस्तू नाही. त्यासाठीच तर ते पहाटे उठून आले. प्रशिक्षकाने चेंडू अडविण्याची हातोटी अवश्य शिकवावी, चुकेल तेथे थांबवावे, पुन्हा करून घ्यावे. परंतु त्या सकाळीच, ऊन चढण्यापूर्वी, अर्धा तास तरी शिटी खिशात ठेवावी, शंकू उचलून बाजूस करावे, आणि सगळ्या मुलांना, अगदी शेवटच्या मुलासह, खेळू द्यावे. पालकांनी त्या अर्ध्या तासात झाडाच्या सावलीत जाऊन बसावे. त्या वेळी मैदानावर काय घडते, याचा हिशेब कोणी मागू नये.